शाळा बंद केल्या ते बरोबर, पण उघडायची घाई कुणालाच नव्हती

करोनात शाळा बंद करायला पाहिजे होत्या का, हा विषय अजून निघतो, लग्नात निघतो, ट्रेनिंगला जेवणाच्या सुट्टीत तर हमखास निघतो, आणि दर वेळी दोनच बाजू पडतात, एक म्हणते जीव महत्त्वाचा, दुसरी म्हणते लेकरांचं वाटोळं केलं. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, बरीच वर्षं पहिली-दुसरीच माझ्याकडे असते, म्हणून मला जे वाटतं ते एकदा नीट लिहून काढते. मार्च २०२० ला शाळा बंद केल्या ते शंभर टक्के बरोबर होतं. पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ पर्यंत बंद ठेवले ते चूक होतं. आणि ही चूक एका दिवशी झाली नाही, दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी ती परत परत करत गेलं.

मार्च २०२० चं आधी बोलू, कारण ते लोक विसरायला लागलेत. १६ मार्चपासून आधी शहरातल्या शाळा बंद झाल्या, मग आपल्या, मग २५ पासून सगळा देशच बंद. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, शेवटी बाकीच्या विषयांच्या सरासरीवर मार्क दिले. त्या वेळी लस नव्हती, औषध नव्हतं, लहान लेकरांना हा आजार कसा होतो कुणाला माहीत नव्हतं, आणि फ्लूचा अनुभव असा की शाळेतून तो घरोघर जातो, आणि आमच्याकडे घरोघरी म्हातारी माणसं, आजीच्या कुशीत झोपणारी लेकरं. त्या माहितीवर मी मंत्री असते तरी हेच केलं असतं. पुढे मे महिन्यात मुंबई-पुण्याहून माणसं परत यायला लागली तेव्हा त्यांना आमच्याच शाळांमध्ये ठेवलं, वर्गात गाद्या टाकल्या, आणि आम्ही शिक्षक कुणी चेकपोस्टवर, कुणी रेशन दुकानावर, नंतर 'माझे कुटुंब माझी जबाबदारी'चा सर्व्हे करत दारोदार. ते काम करायलाच पाहिजे होतं आणि केलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझी तक्रार पुढच्या क्रमाबद्दल आहे. ऑगस्ट २०२० मध्ये मॉल उघडले. ५ ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार, निम्म्या क्षमतेने का होईना. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, मंदिरं. २३ नोव्हेंबरला नववी ते बारावीचे वर्ग, ते पण जिथे स्थानिक प्रशासन हो म्हणेल तिथे. २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवी. आणि पहिली ते चौथी? त्यांची तारीखच नाही, म्हणजे पुढची तारीख सुद्धा नाही. त्याच जानेवारीत १५ तारखेला ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या, राज्यात १४ हजारांच्या वर ग्रामपंचायती होत्या त्यात, आणि मतदान केंद्रं कुठे, तर आमच्याच वर्गखोल्यांत, ड्युटीला आम्हीच. खोल्या झाडल्या, सॅनिटाइझ केल्या, गोल आखले, म्हातारी-कोतारी रांगेत उभी राहून मतं देऊन गेली. मला त्या दिवशी फार त्रास झाला. मोठी माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत या खोलीत येऊन जाऊ शकतात आणि याच वाडीतली वीस-पंचवीस लेकरं, जी दिवसभर एकमेकांच्या अंगणातच खेळतायत, ती दोन तास या खोलीत बसू शकत नाहीत, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

आता कुणी म्हणेल दुसरी लाट आली की लगेच, बरं झालं उघडल्या नाहीत. हा मुद्दा मी मानते, अर्धा मानते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्याकडून सुरुवात झाली, वाशिम जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत दोनशेच्या वर मुलं पॉझिटिव्ह निघाली, आणि एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी माणसं कशी वणवण फिरली ते सगळ्यांनी बघितलंय, आमचे सहकारी त्यात गेले. त्या तीन-चार महिन्यांत शाळा बंदच पाहिजे होत्या. पण वसतिगृहात दाटीवाटीने राहणारी दूरदूरची मुलं आणि वाडीवरची दोन-शिक्षकी शाळा या एकच गोष्टी नाहीत ना. लाट आली की बंद करा, ओसरली की उघडा, हे हॉटेलांसाठी जमलं, बाजारासाठी जमलं, साखर कारखाने तर दोन्ही हंगाम चालले. लहान लेकरांच्या बाबतीत मात्र बंद तेवढं पटकन झालं.

आणि खरं सांगायचं तर जुलै २०२१ नंतर 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोयच उरली नव्हती. आयसीएमआरचा, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, चौथा सिरो सर्व्हे आला, म्हणजे रक्त तपासून किती जणांना लागण होऊन गेली ते बघणारा, त्यात ६ ते ९ वयाच्या ५७ टक्के मुलांमध्ये अँटीबॉडी सापडल्या, म्हणजे शाळा बंद असूनही निम्म्याच्या वर लेकरांना घरीच लागण होऊन गेली होती, आणि आयसीएमआरचे तेव्हाचे प्रमुख बलराम भार्गव यांनी सरळ सांगितलं की शाळा उघडायच्या तर आधी प्राथमिक उघडा, लहान मुलं हा विषाणू जास्त चांगला पेलतात. आपण काय केलं? १५ जुलैपासून करोनामुक्त गावांत आठवी ते बारावी. ४ ऑक्टोबरपासून गावाकडे पाचवी ते बारावी, शहरात आठवी ते बारावी. पहिली ते चौथी आली १ डिसेंबरला, मुंबई-पुण्यात तर त्याच्याही नंतर. आणि जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला तेव्हा परत सगळ्यात आधी शाळांना कुलूप, ते २४ तारखेपासून हळूहळू निघालं. दहावी-बारावीला बोर्ड असतं म्हणून ती आधी, मागच्यांचं काय, ती तशीही वरच्या वर्गात जाणारच आहेत, असाच विचार होता सगळा.

पण ज्याने पहिली शिकवलीय त्याला विचारा, घरी बसून दहावी कशीबशी होते, पहिली होत नाही. दहावीच्या पोराला वाचता येतं, ते पुस्तक उघडून बसू शकतं. पहिलीचं लेकरू पेन्सिल धरायला शिकत असतं, त्याचा हात धरून गिरवून घ्यावं लागतं, काना-मात्रा-वेलांटी रोज, रोज म्हणजे रोज, तोंडाने म्हणून घ्यायला लागते. एकोणतीस आणि एकोणचाळीस यात घोळ होतो तो समोर बसून शंभर वेळा मणी मोजल्याशिवाय जात नाही. हे व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकून होत नाही. मी टाकल्यात, रोज टाकल्यात, व्हिडिओ केलेत, आणि परत फोटो यायचे ते ताईच्या नाहीतर आईच्या अक्षरातले, कारण फोन बापासोबत शेतात, तो रात्री आठला घरी, तोवर लेकरू झोपलेलं. सह्याद्रीवर टिलीमिली हा लहान लेकरांच्या अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा, चांगला होता, मनापासून केलेला होता, पण ज्याच्या घरी टीव्ही आहे आणि त्या वेळेला लाईट आहे त्याच्यासाठी.

ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ वगैरे मंडळींनी १५ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत गरीब घरांतल्या जवळपास १४०० मुलांचा सर्व्हे केला होता, त्यात खेड्यातली फक्त ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती आणि ३७ टक्के काहीच शिकत नव्हती. आम्हाला तो आकडा बघून धक्का बसला नाही, आमच्या वाडीचाच आकडा वाटला.

ऊसतोडीवाल्यांचं तर वेगळंच. दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव कारखान्याला जातं. एरवी शाळा चालू असते म्हणून हंगामी वसतिगृह असतं, आजीजवळ लेकरू ठेवतात, शाळेत जेवतं, शिकतं. त्या वर्षी शाळाच नाही, आमच्याकडे वसतिगृह झालं नाही, मग लेकरू मागे ठेवून करायचं काय, सगळी गेली कोपीवर, म्हणजे कारखान्याजवळच्या ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर. एक माउली मला म्हणाली, "मॅडम, शाळा असती तर ठेवलं असतं हो, नुसतं घरी कुणाच्या भरवशावर ठेवू?" मी काय उत्तर देणार. खिचडी बंद झाली, तांदूळ आणि डाळ घरी वाटली, पण घरी आलेला तांदूळ सगळ्या घराचा होतो. आणि सातवी-आठवीतल्या पोरींची लग्नं. माणसं कमी, खर्च कमी, आणि पोरगी शाळेत का येत नाही हे विचारणारंच कुणी नाही. त्यावर लिहायला बसले तर हा लेख संपणार नाही.

याच काळात लोकांनी आपापल्या परीने वाटा काढल्या हे पण सांगितलं पाहिजे, कारण त्यावरून कळतं की जमलं असतं. सोलापुरात नीलमनगरमध्ये, यंत्रमाग कामगारांची वस्ती आहे ती, शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, येता-जाता लेकरं वाचायची. कुठे पारावर पाच-पाच लेकरांचे गट, कुठे देवळाच्या मंडपात, कुठे लाउडस्पीकरवर. आम्ही पण झाडाखाली बसवायचो, अंतर ठेवून, मास्क लावून, आणि सतत धाकधूक की कुणी वर तक्रार केली तर. तेव्हा 'शाळा बंद पण शिक्षण आहे' असा उपक्रम होता राज्याचा. जे आम्ही झाडाखाली चोरून करत होतो तेच जीआर काढून गावागावात, शिक्षक आणि सरपंच आणि आरोग्य सेविका यांनी मिळून ठरवून करू दिलं असतं तर? धारावीचा आणि डोंगरावरच्या पाड्याचा नियम एकच कशाला पाहिजे होता?

२०२२ च्या असर सर्व्हेमध्ये, म्हणजे खेड्यातल्या मुलांना वाचता-मोजता किती येतं ते घरोघर जाऊन बघणाऱ्या पाहणीत, देशातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचता येणारी २०.५ टक्के निघाली, २०१८ ला ती २७.३ होती, आणि महाराष्ट्रातली घसरण त्याहून मोठी. ही तिसरी म्हणजे कोण, तर जून २०२० ला पहिलीत नाव घातलेली लेकरं. त्यांनी पहिलीचा वर्ग आतून बघितलाच नाही, पहिल्यांदा शाळेत आली ती थेट दुसरीत, ती पण अर्धं वर्ष गेल्यावर. पटसंख्या मात्र त्याच सर्व्हेत ९८ टक्क्यांच्या वर, म्हणजे नाव सगळ्यांचं शाळेत होतं, म्हणून वरच्यांना वाटलं की काही बिघडलं नाही. मागच्या वर्षाचं राहिलेलं भरून काढायला सेतू अभ्यासक्रम आला ४५ दिवसांचा, तो पण २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे लहान लेकरांची शाळा बंद असतानाच. दोन वर्षांचं मागचं राहिलेलं आणि पुस्तक तिसरीचं, समोर हातच्याची वजाबाकी, आणि लेकरू अजून 'क, म, ळ' असं सुटं-सुटं वाचतंय.

आणि यावर कडी म्हणजे २०२३ ला राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि नापास करायचा नियम आणला. परीक्षा असावी की नसावी हा वेगळा वाद आहे, मी त्याच्या पूर्ण विरोधात नाही. पण हीच बॅच एप्रिल २०२५ ला पाचवीच्या परीक्षेला बसली. पहिली आणि जवळजवळ दुसरी सरकारने शिकू दिली नाही आणि पाचवीत त्याच सरकारने पास-नापास लावलं. आमच्या शाळेत सकाळी एक तास आधी बोलावून, नुसतं वाचन घेऊन घेऊन बरीच लेकरं निघाली, काहींना जूनमध्ये फेरपरीक्षेला बसावं लागलं. त्या एका बॅचसाठी वेगळा जीआर काढता आला असता, कुणी मागितला पण नाही.

ती लेकरं २०२५-२६ मध्ये सहावीत गेली. आठवीची तीच परीक्षा त्यांना २०२८ ला आहे, म्हणजे अजून हातात वेळ आहे, आणि या बॅचला रोज एक तास वाचनाचा, वेळापत्रकात लिहून, वेगळा शिक्षक देऊन, हे शिक्षण खात्याने याच वर्षी सुरू करावं. आपल्या गावात अशी लेकरं असतील तर पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय काढा, ठराव लिहून घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा, आम्ही पाठवलाय.