डावीकडे पुस्तकं, उजवीकडे नोकरी

आमच्या कॉलेजच्या वाङ्मय मंडळाचा वार्षिक मेळावा म्हणजे एका लेखकाचा दिवस. लेखक हयात असावा, निदान आपल्या काळात लिहिता असावा, एवढीच अट. पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत, अध्यक्षीय समारोप तर नाहीच. बोलायचं ते विद्यार्थ्यांनी, आणि तेही मराठीच्या बाईंनी घालून दिलेल्या शिस्तीत. विशेषणं बंद! कुणी ‘प्रतिभावंत’ म्हटलं की बाई मागच्या बाकावरून विचारायच्या, “ते कळलं रे. पण त्या वर्षी हा माणूस पोटाला काय करत होता?”

त्या प्रश्नातून तक्ता जन्माला आला. खाकी कागदाचे ताव एकाखाली एक चिकटवून भिंतीवर लावायचे. मधोमध वर्षांची उभी पट्टी. डावीकडे निळ्या स्केचपेनने पुस्तकं आणि नाटकं, उजवीकडे लाल पेनने नोकरी-धंदा. तक्ता बनवण्यात आठवडा जायचा. भाषण कुणाचं चांगलं झालं हे मी विसरले, पण काही तक्ते अजून डोळ्यांपुढे आहेत.

नारायण सुर्व्यांच्या तक्त्यात उजवी बाजूच आधी भरली. गिरणीतलं काम, शाळेत शिपाई, मग शिक्षक. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हे कवितांचं पुस्तक 1962 साली आलं, तेव्हा निळ्या पेनचं टोपण पहिल्यांदा उघडलं. 1995च्या परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद कुठल्या रकान्यात लिहायचं, यावर दोघी भांडल्या. ते काम तर नव्हतं आणि पुस्तकही नव्हतं. शेवटी ते वर्षांच्या पट्टीतच कोंबलं.

सतीश आळेकरांचा तक्ता विज्ञान शाखेच्या मुलांनी मुद्दाम मागून घेतला होता. माणूस जैवरसायनशास्त्राचा, पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी. 1973 साली थिएटर अकादमी ही नाट्यसंस्था, 1974 साली ‘महानिर्वाण’ हे नाटक, आणि या सगळ्याच्या समोर उजवीकडे तीच नोकरी, खाली खाली ओढलेली लांबलचक लाल रेघ. दिवसा प्रयोगशाळा आणि संध्याकाळी तालीम. ज्याला आम्ही नुसता नाटककार समजत होतो, त्याच्या तक्त्यात अर्ध्याहून अधिक रंग लाल निघाला. प्रॅक्टिकलची जर्नल्स लिहून वैतागलेल्या पोरांना त्या दिवशी जो आनंद झाला, तो बघण्यासारखा होता.

महेश एलकुंचवारांची सुरुवात सांगताना तर हशा पिकला. सिनेमाची तिकिटं मिळाली नाहीत म्हणून ते नाटकाला गेले, आणि ते नाटक निघालं तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’. नागपुरात इंग्रजी शिकवणारा हा माणूस तिथून लिहायला लागला. ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथा’ मासिकात आली, ती दिग्दर्शिका विजया मेहतांच्या वाचनात आली आणि त्यांनी ती रंगमंचावर नेली. ‘वाडा चिरेबंदी’ला मात्र 1985 उजाडलं. सुरुवात अशी योगायोगाने होते, हे ऐकायला मजा येते. पण मला त्या दिवशी जास्त भावली ती मासिकाची वाट. नवख्याने एकांकिका लिहावी, संपादकाने ती छापावी आणि वाचून कुणा दिग्दर्शिकेने बोलावणं पाठवावं, ही साखळी आज कुठे उरली आहे?

तेंडुलकरांच्या वेळी बाईंनी अपयशापासून सुरुवात करायला लावली. ‘गृहस्थ’ पडलं. आठेक वर्षांनी तेच नाटक नव्याने लिहून ‘कावळ्यांची शाळा’ झालं. मग 1967 साली ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, आणि 1972 या एकाच वर्षापुढे ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’. त्या ओळीत अक्षरं मावेनात. उजवीकडे वृत्तपत्रांमधल्या नोकऱ्या. रोज ठरलेल्या वेळेला मजकूर देण्याची ती सवय त्यांच्या नाटकांतल्या तुटक, नेमक्या संवादांत उतरली असावी, असा माझा तर्क. बाईंना तो पटला नव्हता.

आणि अरुण कोलटकर. हा तक्ता मी माजी विद्यार्थिनी म्हणून पाहिला. उजवीकडे जाहिरातक्षेत्रातलं चित्रकाराचं काम. डावीकडे 1976 साली इंग्रजी ‘जेजुरी’, 1977 साली मराठी कवितांचा संग्रह, आणि त्याखाली कोरा खाकी कागद. ‘भिजकी वही’ थेट 2003 साली. पुढच्याच वर्षी कवी गेले आणि त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 2005 साली, मरणोत्तर. तक्ता बनवणाऱ्या मुलाने ती रिकामी जागा कापून तक्ता आटोपशीर करायचं ठरवलं होतं, पण त्याच्या जोडीदारणीने कात्रीच लपवली. बरं केलं. कवी त्या काळात लिहीतच होता, फक्त छापत नव्हता. हे कुठल्याही भाषणापेक्षा त्या हातभर कोऱ्या कागदाने जास्त चांगलं सांगितलं.

अलीकडे निळ्या-लालचा घोळ वाढला आहे. जयंत पवार पत्रकार होते आणि ‘अधांतर’चे नाटककार, तिथवर दोन रंग पुरले. पण आताचे नाटककार मालिकांचे संवाद लिहितात, त्यावर घर चालवतात. ते कुठल्या पेनने लिहायचं? गेल्या मेळाव्यात यावर तासभर खडाजंगी झाली. मी लालच्या बाजूने होते. मुलं म्हणाली, “ताई, लिहिलंय तर निळंच ना!” आणि मत पडलं निळ्याच्या बाजूने.

माझी खरी तक्रार निराळी आहे. इतक्या वर्षांच्या तक्त्यांमध्ये लेखिका बोटांवर मोजण्याइतक्या. कविता महाजनांचा तक्ता झाला, 2005ची ‘ब्र’ ही कादंबरी, 2007ची ‘भिन्न’, मग ‘कुहू’, शिवाय कविता आणि अनुवाद. डावी बाजू इतकी भरगच्च, तरी मुली अडल्या त्या उजव्या रकान्यात. घर सांभाळणं लालने लिहायचं की नाही? तो पगारी उद्योग नाही म्हणून आमच्या नियमात बसत नव्हता, आणि पुरुष लेखकांच्या तक्त्यात तर तो प्रश्नच कधी निघाला नव्हता. नियम बदला, असं मी तिथेच उभं राहून सांगितलं. यंदासाठी सानिया आणि मेघना पेठे अशी दोन नावं दिली आहेत. मंडळाच्या सचिवाने ती लिहून घेतली, तावांचा खर्च कोण देणार हेही विचारलं. ताव मी देणार आहे.