मामांना बसू देऊ नका

अमेरिकेत इंडियानापोलिसमध्ये आमची छोटी व्यायामशाळा आहे आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाला पार्किन्सन्स आहे, असं सांगितलं की नाशिकहून ठरलेला प्रश्न येतो : "मग काय, प्राणायाम का?" नाही हो. बॉक्सिंग. सत्तरीच्या आज्या हातमोजे चढवून बॅगेला ठोसे लगावतात आणि प्रत्येक ठोशाला मोठ्याने आकडा ओरडतात. माणूस माणसाला मारत नाही, मार खाते ती फक्त बॅग.

ही पद्धत याच शहरात रुजली. स्कॉट न्यूमन नावाचे इथले माजी सरकारी वकील, त्यांना चाळिशीतच पार्किन्सन्स झाला. मित्राच्या आग्रहाने ते बॉक्सिंगचा सराव करू लागले, फरक जाणवला आणि 2006 साली 'रॉक स्टेडी बॉक्सिंग' सुरू झालं. आमची व्यायामशाळा त्याच धाटणीची, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरणारी.

पार्किन्सन्स म्हटलं की आपल्याला थरथरता हात दिसतो. खरा त्रास वेगळा असतो. मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचाली सांभाळणारं रसायन, कमी होतं तशी प्रत्येक हालचाल आक्रसत जाते. अक्षर बारीक होतं, पाऊल आखूड पडतं, आवाज खाली जातो, आणि गंमत म्हणजे त्या माणसाला वाटत असतं की आपण नेहमीसारखंच चालतोय-बोलतोय. म्हणून आमच्याकडे सगळं मोठं. पाऊल मोठं, हात लांब, आवाज टिपेचा. ठोसा मारायला कमरेतून वळावं लागतं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यावं लागतं, तोल सांभाळावा लागतो. नेमकं हेच सगळं या आजारात हातचं जातं.

व्यायामाने आजार बरा होत नाही, हे आधीच सांगते. पण 2018 साली इथे प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अजून गोळ्या सुरू न झालेल्या रुग्णांना सहा महिने ट्रेडमिलवर चांगलं दमवलं होतं, हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या 80 ते 85 टक्क्यांपर्यंत नेऊन. त्यांची लक्षणं जवळपास होती तिथेच राहिली. ज्यांना असा व्यायाम दिला नव्हता त्यांची वाढली. खुर्चीत बसून मनगटं फिरवण्याने हे होत नाही, घाम यावा लागतो.

गेल्या हिवाळ्यात नाशिकला लांब मुक्काम होता. माझ्या मामांनाही हाच आजार. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आसपासचे असेच काही जण गोळा केले. पहिला वाद वेळेवरून. सगळ्यांचं मत सकाळी साडेसहा, कारण कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तेव्हाच गर्दी असते. पण ही माणसं सकाळी उठतात ती लाकडासारखी. सिंडोपाची, म्हणजे या आजारावरच्या औषधाची, पहिली गोळी लागू पडेपर्यंत त्यांच्याकडून काही करून घेणं म्हणजे छळ. शेवटी साडेदहा ठरले. गोळी जेवणाखाण्याच्या अर्धा तास आधी घ्या, दूध किंवा डाळीच्या धिरड्याबरोबर नको, हेही सांगावं लागलं. त्यातली प्रथिनं गोळीच्या वाटेत येतात, आणि हे डॉक्टरांनी सांगितलेलं असूनही घरात कोणाच्या लक्षात राहत नाही.

सामान फार लागलं नाही. न सरकणाऱ्या जड खुर्च्या, एक बॅग, आणि जमिनीवर चिकटवायला रंगीत टेप. मामांचे पाय स्वयंपाकघराच्या दारात हटकून चिकटतात. तेच मामा रामकुंडाजवळच्या पायऱ्या सरळ उतरतात, आणि मामीला वाटतं हे मुद्दाम करतात. मुद्दाम नाही. पायरी डोळ्यांना सांगते की पाऊल इथे टाक, सपाट फरशी काहीच सांगत नाही. पट्ट्या आखल्या की फरशीच्याही पायऱ्या होतात.

तालानेही असंच होतं. इथे मी मेट्रोनोम लावते, टकटक ठेका देणारं यंत्र. नाशकात मेट्रोनोम कशाला? नाशिक ढोलचं रेकॉर्डिंग लावलं, जरा संथ लयीचं, आणि ज्यांना हॉलचं दार ओलांडायला मिनिटभर लागलं होतं ते ठेक्यात पावलं टाकायला लागले. नंतर एका शाळेतून लेझीम मागून आणली. दोन्ही हात, मोठी हालचाल, ताल, सगळं एकात. बॉक्सिंगला नाक मुरडणाऱ्या बायका लेझीमला मात्र आल्या. पुरुषांना बॅगच हवी होती. डॉक्टरांनी 'जपा' म्हटल्यापासून त्यांना कोणी काही जोरात करूच दिलं नव्हतं.

खरी अडचण घरच्यांची. मामी मामांची बटणं लावते, चपला पायाशी आणून ठेवते, पेला भरून हातात देते. मामा उठायला लागले की दोन्ही बाजूंनी एकच सूर, "तुम्ही बसा हो!" आणि मामा बसतात. इंडियानापोलिसमधले माझे बरेच लोक एकटे राहतात, बटणं स्वतःच लावतात, वीस मिनिटं लागली तरी. त्या एकटेपणाचं मी कौतुक करत नाहीये, सणासुदीला ते किती भकास असतं ते मी पाहते. पण त्यांची बोटं मामांच्या बोटांपेक्षा जास्त चालतात, हेही रोज पाहते. म्हणून हॉलमध्ये नियम केला : घरचे बाहेर. मामी खिडकीतून "अहो, जपून!" ओरडायची ते ओरडायचीच.

जपायचं असतंच, फक्त वेगळ्या जागी. न्यूरॉलॉजिस्टचा होकार आधी. रक्तदाब बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजायचा, कारण यांचा दाब उभं राहिल्यावर झपकन उतरू शकतो. तोल जाऊन मागच्या मागे पडणाऱ्यांच्या पाठीशी एक जण उभा. नाशिकला हे काम शेजारच्या कॉलेजातली मुलं करायची आणि मोबाईल बाजूला ठेवून करायची, हे विशेष.

मी परत आल्यावर वर्ग आता मामांचा एक मित्र चालवतो, निवृत्त पीटी शिक्षक. शिट्टी अजून त्याच्याकडे आहे. अडलंय ते हॉलवर. लग्नसराईत सोसायटीचा हॉल मिळत नाही आणि दुसरा पाहिलेला पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नसलेला. गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडच्या बाजूला तळमजल्यावरची, सकाळी साडेदहा ते बारा रिकामी असणारी जागा कोणाला ठाऊक असेल तर कळवा. भाडं द्यायची तयारी आहे, ढोलाचा आवाज मात्र सहन करावा लागेल.