लॅव्हर्टन ते उलुरू: दवाखान्याच्या भरवशावर निघू नका

"वाटेत दवाखाने आहेत, काळजी नको," असं पर्थच्या मित्राने सांगितलं. दवाखाने आहेत, खरंय. पण ते तिथल्या आदिवासी वस्त्यांतल्या लोकांसाठी आहेत, आपल्यासाठी नाहीत, हे तो बोलला नाही.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून लॅव्हर्टन ते उलुरू जाणारा हा ग्रेट सेंट्रल रोड सुमारे अकराशे किलोमीटर, बहुतेक कच्चा. परवाने दोन काढा, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा वेगळा आणि नॉर्दर्न टेरिटरीचा वेगळा. पर्थहून लॅव्हर्टनच्या वाटेवरच्या कालगुर्ली गावापर्यंत सांगण्यासारखं काही नाही.

त्यानंतर माझं पोट बिघडलं. दोष आमचाच, बर्फ वितळलेल्या पेटीतली कोंबडी खाल्ली. पुढचा रस्ता म्हणजे पन्हळी पत्रा, प्रत्येक सरीला आतडं हलतं. दीडशे किलोमीटरात सात वेळा गाडी थांबवली.

रात्री वस्तीच्या दवाखान्याबाहेर पोचलो. दाराला कुलूप, भिंतीवर फोन. नर्सने विचारलं, रक्त पडतंय? लघवी होतेय? "ओआरएस नाही? मग निघालात कसे?" मला उत्तर सुचेना.

सकाळी रांगेत माझ्याआधी तान्हं बाळ घेतलेली आजी होती. आरोग्यसेविकेने बाळाच्या पोटावर हात ठेवून विचारलं, "जुनी?" मी चमकलोच. तिथल्या भाषेत जुनी म्हणजे पोट! बाळाला आधी घेतलं, योग्यच केलं. लहान मुलं जुलाबाने फार लवकर सुकतात.

भिंतीवर हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या, म्हणजे जठरात राहून अल्सर करणाऱ्या जंतूच्या, श्वासचाचणीचं पोस्टर होतं. १९८२ मध्ये पर्थलाच हा जंतू पहिल्यांदा वाढवला गेला, आणि १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन दाखवणारा बॅरी मार्शल जन्मला कालगुर्लीत. २००५ चं नोबेलही मिळालं. तरी नर्स म्हणाली, घरात दहा माणसं, एकाला गोळ्या दिल्या तरी बाकीच्यांकडून पुन्हा लागतो. त्यातच मयताला दुसऱ्या वस्तीत जावं लागलं की गोळ्या घरीच राहतात. माझं दुखणं मात्र तो जंतू नव्हे, असंही तिने ठणकावलं.

शेवटी बिल. भारताशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यकरार नाही, त्यामुळे आपल्या पर्यटकाला मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्यविमा, नाही. ओआरएसची दोन पाकिटं आणि एका सुईसाठी भरलेला आकडा लिहवत नाही. विमा काढाच.

डॉक्टर वस्तीत राहत नाहीत, ठरल्या दिवशी येतात. फ्लाइंग डॉक्टर या विमानसेवेचं विमान गंभीर रुग्णासाठी असतं, जुलाबासाठी नव्हे. माणशी ओआरएसची दहा पाकिटं, पाणी भरपूर, आणि खड्डा खणायला खुरपं घ्या. तिथल्या काटेरी गवताआड माणूस लपत नाही.