‘निसवण’ : नोंद सातवी – डाग एकदाचा बसला

अखेर डाग बसला! मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की ‘निसवण’ या आमच्या भयपटातला रक्ताचा सदरा धुण्याचा प्रसंग कथेतून काढून टाकते. ते विसरा. काल संध्याकाळी विहिरीजवळच्या हौदापाशी मामीनं तो सदरा घासला, भावानं लगेच कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तुकडा लावून दाखवला, आणि तपासणीसाठी रोज तीस-चाळीस जणांचं रक्त काढणाऱ्या माझ्या अंगावर काटा आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

त्याआधीचे सतरा दिवस मात्र सांगायलाच हवेत. उन्हाळ्यात, बागेत, दिवसाढवळ्या भयपट करायला निघालेल्या कुणालाही या अडचणी येणारच.

नोंद पाचमधली नकली रक्ताची कृती आठवत असेल. अर्धा किलो लिक्विड ग्लुकोज, चार चमचे पाणी, लाल रंग, लालच्या पाव हिस्सा पिवळा, आणि सुईच्या टोकाएवढा निळा. पाया डिक स्मिथ या मेकअपवाल्याच्या प्रसिद्ध कृतीचाच. तो मक्याचं सिरप वापरायचा, आपल्याकडे बेकरीच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. रक्त कातडीवर थेंब-थेंब न होता पसरावं म्हणून तो फोटो धुण्याचं फोटो-फ्लो घालायचा. ते विषारी, त्यामुळे तोंडाजवळ न्यायचं नाही. मी त्याऐवजी भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालते, तेही फक्त कापड आणि मानेसाठी. तोंडातलं रक्त वेगळं, बिनसाबणाचं. आणि पिवळा विसरू नका. ऑनलाइन मागवलेली तयार ‘नाटकाच्या रक्ताची’ बाटली मी कपाटात मागे टाकलीय ती याचसाठी. महाग, आणि पिवळ्याचा पत्ता नसल्यामुळे थेट गुलाबी.

घरी ट्यूबलाइटखाली आमचं रक्त सुरेख दिसत होतं. जांभळ्या बुचाच्या नळ्या दिवसभर हाताखालून जातात, त्यामुळे शिरेतल्या रक्ताचा तो गडद, किंचित काळसर लाल माझ्या डोळ्यांत पक्का बसलाय. अगदी तोच जमला होता. मामांच्या बागेत नेलं आणि सगळं बिघडलं.

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडची केळीची बाग आतून बघितली नसेल तर सांगते. पाच-पाच फुटांवर झाडं, डोक्यावर पानांचं सलग छत. ऊन त्या पानांतून गाळून खाली येतं ते हिरवं होऊनच. लाल वस्तू लाल दिसते ती तिच्यावर पडलेल्या उजेडातला लाल परत फेकते म्हणून. त्या उजेडात लालच कमी असेल तर ती फेकणार काय? कथेत मारल्या जाणाऱ्या अण्णांच्या मानेवरचं रक्त स्क्रीनवर शाई सांडल्यासारखं दिसत होतं. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंग जुळवतो ती सोय) ऑटोवर ठेवला की कॅमेरा हिरवं मारायला गुलाबी झाक घालतो, मग अण्णांचा चेहरा तापकऱ्यासारखा होतो आणि रक्त तरी निर्जीवच.

मी रंग वाढवला. दोन दिवस वाढवतच गेले. सावलीत बरं दिसायला लागलं. मग अण्णा मान धरून बागेतून बांधावर, उघड्या उन्हात येतात तो शॉट लावला. मामा तिथंच ठिबकच्या नळ्या जोडत बसले होते. त्यांनी मान वर केली, क्षणभर बघितलं आणि म्हणाले, “हाई रगत नही, सरबत शे!”

बरोबर होतं त्यांचं. एकच रक्त दोन उजेडांत चालत नाही. आता आमच्याकडे दोन बाटल्या आहेत, सावलीची आणि उन्हाची, बुचांवर खडूच्या खुणा केलेल्या. व्हाइट बॅलन्स उन्हात पांढऱ्या कागदावर कुलूपबंद करतो आणि बागेच्या कडेला थर्माकोलची मोठी शीट धरून उघडं ऊन आत वळवतो. चेहऱ्यावर तेवढं पुरतं.

पण खरा फरक पडला तो वेगळ्याच विचारानं. चित्रपटात रंगच नव्हता तेव्हा काय करत होते? कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. मूकपट, रंग नाही. तरी त्यातला कीचकवध लोकांना इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि पुढे ते दृश्य काढून टाकावं लागलं. ‘सायको’ (१९६०) मधलं न्हाणीघरातलं रक्त म्हणजे चॉकलेट सिरप. कृष्णधवल चित्रपटात लाल असण्याची गरजच नव्हती, कातडीपेक्षा किती काळं आणि किती ओलं एवढंच महत्त्वाचं. बागेतल्या हिरव्या सावलीत आम्हीही जवळजवळ कृष्णधवलातच होतो की! तेव्हापासून सावलीत मी लालच्या मागे लागत नाही, ओल सांभाळते. शॉटच्या आधी ग्लिसरीनचं एक बोट फिरवायचं. काळ्या डागावर उजेडाची एक बारीक तिरीप चमकली की डोळा बाकीचं स्वतः मानून घेतो.

उष्णतेबद्दल थोडक्यात. दुपारी पारा चव्वेचाळीसवर जातो, ग्लुकोज पातळ होऊन कॉलरपर्यंत ओघळतं, त्यात चिमूटभर अरारूट शिजवून घाला. मुंगळे येतात, सकाळी नऊच्या आत उरका. बाटल्या आम्ही माठाशेजारी ओल्या गोणपाटात ठेवतो.

आता मुख्य गोष्ट. वाळलेलं रक्त.

कथा तुम्हाला माहीत आहे. अण्णा बागेत मारले जातात आणि मारणारा दुसऱ्या सकाळी घरी येऊन सदरा बायकोकडे धुवायला टाकतो. बायकोच्या भूमिकेतली मामी धुते. डाग जात नाही. माझ्या दृष्टीनं सगळी ‘निसवण’ त्या पाच मिनिटांत आहे. आणि सिरपचं रक्त वाळतच नाही! दुसऱ्या दिवशीही तसंच लालभडक, चिकट, चमकणारं. खरं रक्त असं वागत नाही. काचपट्टीवर थेंब टाकून बघत बसा: आधी कड वाळते, मध्य ओला राहतो. त्या वेळी बोट फिरवलं तर मधलं पुसलं जातं आणि कडेचं वर्तुळ तसंच उरतं. मग रंग उतरतो. हिमोग्लोबिनमधलं लोह हवेनं बदलत जातं आणि लाल तपकिरी होत होत जवळजवळ काळं पडतं. कापडावर तर ते कडक होतं, सुरकुती पडली की तिथं भेगाळतं. प्रेक्षकाला यातलं काही सांगता येणार नाही, पण चुकलं की त्याला कळतं.

मी कॉफी घातली. ओलं असताना झकास, वाळल्यावर चहा सांडल्यासारखं. कोको घातला तर सदऱ्याला आइस्क्रीमचा वास आणि मामीला मळमळ. मग कात. पानाचा कात पाण्यात उकळून घट्ट केला, त्यात थोडा लाल घातला, आणि खरं सांगते, दिसायला याहून चांगलं काही मिळणार नाही. कड आपोआप गडद होते, पृष्ठभाग मेलेला, बिनचमकीचा. दोन दिवस मी आनंदात होते. शूटिंगला मामीनं सदरा हौदात बुडवला, पाणी एकदम तपकिरी झालं आणि तिसऱ्या घासणीला सदरा जवळपास पांढरा. जो डाग जाऊ नये म्हणून प्रसंग लिहिला, तो मिनिटभरात गेला. त्या रात्री मी नोंद सहा लिहिली.

परवा मामांच्या शेतातल्या खोलीत पाणी प्यायला गेले. खुंटीला एक सदरा लटकत होता. छातीपासून पोटापर्यंत तपकिरी शिंतोडे, मध्ये ओघळ, खांद्यावर एक थोराड डाग, कडेला काळी रेघ. मी खरोखर दचकले. कुणाला लागलं, म्हणून विचारलं. मामी भाकरी बांधत होती, तिनं वरही बघितलं नाही. “हाऊ केयना चीक शे पोरी, हाऊ निंघत नही.”

केळीचा चीक! जन्मापासून बघतेय. घड कापणाऱ्याचे कपडे वेगळेच ठेवतात, कारण चीक लागला की कपडा गेला. दांड्यातून निघतो तेव्हा पाण्यासारखा असतो, कापडावर पडलेला कळतही नाही, आणि हवा लागली की तासातासाला काळवंडत जातो. सफरचंद कापून ठेवल्यावर तपकिरी पडतं तीच क्रिया. रक्तासारखाच तोही हवेनं तपकिरी होतो. इतके दिवस डागाच्या झाडाखालीच उभी राहून मी कात उकळत होते.

पद्धत अशी जमली. सदऱ्याच्या आत पुठ्ठा घालायचा, नाहीतर चीक पाठीला झिरपतो. ताजा घड कापला की दांडा थेट कापडावर धरायचा, शिंतोडे हातानं झटकून. फडक्यानं लावलं की शिंतोड्याचा आकार मरतो. एक पूर्ण दिवस उन्हात. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून एकदा काढायचा, डाग आणखी गडद होतो. शूटिंगच्या आदल्या रात्री त्यावर काताचा थर, मध्यभागी थोडा जास्त. हौदात बुडवल्यावर कात सुटतो, पाणी लालसर तपकिरी होतं, मामीला वाटतं डाग चालला, आणि खाली चीक तसाच. ती घासते, पिळते, उजेडाकडे धरते. तो तिथंच. हे मी लिहिलं नव्हतं. कात आणि चीक यांनी मिळून तो क्षण दिला, आणि मामीनं सदरा उजेडाकडे धरला तो शॉट मी ठरवलेला नव्हता, ती धुताना नेहमी तसंच बघते.

एक नुकसान झालं. चीक झटकताना चार थेंब शेजारी वाळत घातलेल्या स्वच्छ सदऱ्यावर गेले आणि सकाळी कळलं. तोच सदरा आदल्या दिवसाच्या प्रसंगात लागणार होता. त्याच कापडाचे आणखी दोन शिवायचे म्हणून दुकानात गेले तर दुकानदारानं ‘तोच ताका’ म्हणून दिलं, ते घरी उजेडात निळसर पांढरं निघालं. माझं मत आता पक्कं झालंय: वेशभूषेचं कापड एकदमच, लागेल त्याच्या दुप्पट घ्यावं, आणि ट्यूबलाइटखाली कधीच घेऊ नये. शेवटी अमळनेरला जुळतं मिळालं.

आता बदललेला बेत. कोयत्याचा घाव पडद्यावर दाखवायचा नाही. हो, पन्नास मिलीची सिरिंज, सलाईनची नळी, सदऱ्याखालची पिशवी, नोंद तीनमध्ये ज्यावर मी तीन पानं लिहिली ते सगळं बाजूला. धुण्याचा तुकडा बघितल्यावर घावाचे सगळे शॉट खोटे वाटायला लागले. घावाला एक सेकंद लागतो आणि प्रेक्षक त्यात रबरी नळी शोधतो. सदरा धुताना कुणी काही शोधत नाही. ‘टॅक्सी ड्रायव्हर’चं (१९७६) उदाहरण मला आठवत राहतं. शेवटच्या गोळीबाराला अमेरिकेतलं प्रमाणपत्र मिळावं म्हणून त्याचे रंग फिके केले. रक्त तपकिरीकडे गेलं, आणि तो प्रसंग त्यामुळे सौम्य झाला असं मला कधीच वाटलेलं नाही. हिंसा दाखवायचीच तर ती दुसऱ्या दिवशी कशी दिसते, कोण ती साफ करतं, हे मला दाखवायचंय.

घावाचा आवाज मात्र ठेवणार, आणि तो सुंदर मिळालाय. घड काढून झालेलं झाड तसंही तोडतातच. त्या खोडावर मामांनी कोयता मारला आणि आम्ही हातभर अंतरावर माइक धरला. पाण्यानं भरलेलं खोड, आधी सप्प, मग आत कुठंतरी चुळचुळ. हेडफोन लावून भावानं तो तीनदा ऐकला आणि चौथ्यांदा ऐकायला नको म्हणाला.

हे लिहिता लिहिताच एक सुचलंय. सुरुवात हळदीच्या रात्रीनं केली तर? भाच्याचं लग्न आहे, मारणाऱ्याच्या हाताला हळद लागलेली आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपण लहानपणापासून बघतो. पानाच्या डबीतला चुना पाण्यात कालवून वरची निवळी घ्यायची, बोथट विळ्याच्या पात्याला लावायची आणि हळदीच्या हातावरून पातं नुसतं टेकवत न्यायचं. पात्यामागे लाल रेघ उमटत जाईल. नळी नाही, पिशवी नाही, कट नाही. मी आत्ताच उठून भावाच्या मनगटावर करून बघितलं. विटकरी लाल, थोडा उशिरा चढणारा, आणि तो उशीरच भीतिदायक आहे. पाच-सात मिनिटांत रेघ फिकी पडते, त्यामुळे टेक छोटे लागतील. चुन्यानं चुरचुरतं, लगेच धुवा, डोळ्यांजवळ नको. हिरव्या सावलीत हा विटकरी कसा दिसेल ते बघायचंय.

म्हणजे आखाजीआधी (अक्षय्य तृतीयेआधी) चित्रण संपत नाही, हे मान्य. रविवारी मामा तीन घड कापणार आहेत. चीक पहाटे जास्त गळतो, म्हणून सहाला बागेत पोचायचं. अमळनेरचे दोन्ही सदरे आज दोनदा धुतलेत, खळ असली की चीक आत मुरत नाही. आता ते गच्चीवर आहेत, बागेपासून चांगले लांब.