गाडीभोवतीची रिकामी जागा

घराला गॅरेज जोडायचं ठरलं की पहिलं काम म्हणजे गाडीची लांबी-रुंदी शोधणं. माहितीपत्रक उघडायचं, साडेचार मीटर लांब, एक मीटर ऐंशी रुंद असं कागदावर लिहायचं आणि त्याभोवती चौकोन काढायचा. काम सुरू झाल्यासारखं वाटतं. पण अख्ख्या हिशेबात सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा हाच. गाडीला कुठेही उभी करा, तिची काही तक्रार नसते. मोजायचा असतो तो तिच्यातून उतरणारा माणूस. त्याच्या हातात पिशव्या असतात, मागच्या सीटवर झोपलेलं मूल असतं आणि पोट दरवर्षी थोडं पुढे आलेलं असतं.

'दहा फूट पुरे' हे वाक्य बांधकामाच्या गप्पांत फार ऐकू येतं. दहा फूट म्हणजे बाहेरून. दोन्ही बाजूंच्या नऊ इंची भिंती त्यातले दीड फूट खातात, गिलाव्याची जाडी वेगळीच. उरतात साडेआठ. गाडी जवळपास सहा फुटांची, म्हणजे दोन्हीकडे मिळून अडीच फूट, एका बाजूला सव्वा. शिवाय माहितीपत्रकातली रुंदी बहुधा आरसे सोडून असते. सव्वा फुटाच्या फटीतून रोज उतरायचं तर पोट आत ओढून, श्वास रोखून, दार भिंतीला लागू न देता सरकायचं. पाहुणे तर गाडी आत घेण्याआधीच उतरतील.

यावरचा उपाय फुकट आहे. जागेवर फक्की मारायची, भिंतींची आतली कड आखायची, गाडी त्यात उभी करायची आणि चारही दारं, डिकी, बॉनेट असं सगळं उघडायचं. मग सगळ्यांनी उतरून रेषेच्या आतूनच गाडीला एक फेरी मारायची. आमच्याकडे हा प्रयोग झाला तेव्हा शेजाऱ्यांना बराच वेळ काही कळलं नाही. पण कागदावरचे दहा फूट बारा झाले, तेही आतून. लांबीला आतून वीस फूट धरले, म्हणजे डिकीमागे माणूस उभा राहू शकतो.

आता पैशांचं. कंत्राटदार चौरस फुटाचा दर सांगतो आणि आपण लगेच गुणाकार करतो. त्या गुणाकारात एक गंमत आहे. दहा बाय वीसचं गॅरेज दोनशे चौरस फूट, त्याचा परीघ साठ फूट. तेच वीस बाय वीस केलं तर क्षेत्रफळ दुप्पट होतं, पण परीघ ऐंशीच, म्हणजे फक्त एक तृतीयांशानं जास्त. रुंदी एकच फूट वाढवली तर क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं, भिंत मात्र तीन-साडेतीन टक्क्यांनी. पाया खणणं, भिंत उभारणं हा खर्च परिघामागे धावतो. फरशी आणि छप्पर क्षेत्रफळामागे. दार, वीज, परवानगी यांना तर दोन्हींशी फारसं देणंघेणं नाही, गॅरेज लहान असो की मोठं. म्हणून लहान गॅरेज चौरस फुटाला महाग पडतं, आणि एका फुटासाठी घासाघीस करून वाचतं त्यापेक्षा त्या फुटावाचून पुढे जास्त अडतं. लांब बाजू घराच्या भिंतीला चिकटवता आली तर साठ फुटांपैकी वीस फूट भिंत आधीच उभी असते. अर्थात घराची खिडकी तिथे नसेल तर. आमच्याकडे नेमकी स्वयंपाकघराची निघाली.

परवानगीचं मात्र सगळ्यांत आधी विचारून घ्यावं. हद्दीपासून किती अंतर सोडायचं हे कळल्याशिवाय नकाशावर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

बजेट खरं वाहून जातं ते जमिनीखाली. वर दिसतं ते दार. त्याच्या रंगावर घरात आठवडाभर चर्चा होते. खाली भरावाची माती थराथरानं ठोकून घट्ट केली आहे की नाही, यावर कोणी पाच मिनिटंही बोलत नाही. चांगल्या भरावावर साध्या गाडीसाठी चार इंची काँक्रीट पुरतं, पण भराव खचला तर सहा इंचीही तडकतं. ओतल्यावर निदान सात दिवस ते ओलं ठेवायचं, आणि ज्या ताकदीचा हिशेब इंजिनिअर करतो ती अठ्ठावीस दिवसांची असते. चौथ्या दिवशी गाडी आत नेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. फरशीला दाराकडे उतार हवा, शंभराला एक तरी. वीस फुटांत तो जेमतेम अडीच इंच होतो, डोळ्यांना जाणवतही नाही, पण गाडीनं पावसातून आणलेलं पाणी मागच्या भिंतीशी साचायचं थांबतं.

ओतण्याआधी त्याच जमिनीत एक रिकामा पाइप टाकून ठेवावा, मीटरपासून गॅरेजच्या भिंतीपर्यंत. आज विजेची गाडी नसली तरी उद्या असेल. घरच्या चार्जरला बहुधा बत्तीस अँपिअरची स्वतंत्र लाइन लागते, म्हणजे सात किलोवॉटच्या थोडं वर. पाइप आज टाकला तर किरकोळ खर्चात होतो. नंतर टाकायचा तर सात दिवस पाणी मारून जपलेली फरशी फोडा.

दाराला अंदाजपत्रकात एकच ओळ मिळते. पण गुंडाळणारं शटर म्हटलं की त्याच्या गुंडाळीला वर फूट-दीड फूट उंची लागते. ती आधी धरली नाही तर गाडीच्या टपावरचं कॅरियर आणि शटर यांची गाठ ठरलेली. रुळांवरून छताखाली सरकणारं दार उघडं असलं की छताचा बराच भाग व्यापतं. तिथला दिवा दाराच्या वर जातो आणि खाली अंधार. असं वर उचललं जाणारं दार अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ साली आणलं आणि पाच वर्षांत त्याला विजेची मोटरही बसवली. त्याआधी गॅरेजची दारं तबेल्यासारखी बाहेर उघडत, पुढची जागा अडवत. ती पुढची जागा हाही खर्चाचा एक कोपरा. रस्त्यापासून दारापर्यंतची वाट आणि चढ कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो, आणि शेवटचं बिल त्याचंच येतं.

हवेची सोय तर खर्चातच धरायची नसते, ती आधी ठरवायची असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीलगत पसरते; म्हणून जाळी खालीही हवी, नुसता वर झरोका ठेवून भागत नाही. त्याच कारणानं सॉकेटही जमिनीपासून उंच बसवावेत. घर आणि गॅरेज यांच्यामधलं दार आपोआप घट्ट बंद होणारं हवं, कारण इंजिनातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद गॅरेजात गाडी चालू ठेवून गरम करत बसणं तर नकोच.

एवढं सगळं जमवून शेवटची बेरीज केली की ती हातातल्या पैशांपेक्षा मोठीच निघते. वर दहा-पंधरा टक्के अडीअडचणीचे, आणि ते कुठल्या तरी सुंदर दाराच्या नावानं आधीच खर्च करायचे नाहीत. मग काट मारायची वेळ येते. रुंदी, भराव, उतार आणि रिकामा पाइप यांना मी हात लावू दिला नाही. मोटरचं दार गेलं, हातानं ओढायचं आलं. फरशीवरचा चकचकीत थर गेला. भिंतीवरच्या मांडण्या, ज्यांचं चित्र मी रंगीत पेन्सिलींनी काढलं होतं, त्या पुढच्या वर्षावर गेल्या. आतला रंगही. रंगाची घाई नाही. तोपर्यंत जुनी सायकल, कुलर, रिकामी खोकी आणि कोणाची तरी खाट भिंतीला टेकून इतकी रचली जाईल की रंगाऱ्याला आधी भिंत शोधावी लागेल.