हैदराबाद पुन्हा पाहताना : शुक्रवार, मोत्यांचे दुकान आणि गोवळकोंड्याचा गाइड

गेल्या खेपेला हैदराबाद पाहून आलो असे गावात सांगितले खरे, पण पाहिले काय, तर एका खासगी सहलवाल्याची बस, मोत्यांचे एक दुकान आणि कुलूप लावलेली फाटके. आमचे बुकिंग त्याने शुक्रवारचे केले होते. पैसे घेताना सालारजंग संग्रहालय, चौमहल्ला राजवाडा, पुरानी हवेलीतले निजामाचे संग्रहालय अशी यादी त्याने घडाघडा वाचून दाखवली. या तिन्ही जागा शुक्रवारी बंद असतात हे मात्र बस सुटल्यानंतर माइकवरून, आणि तेही "बाहेरून दर्शन" अशा गोड शब्दांत कळले. आपल्याकडे नागपूरचे अजब बंगला संग्रहालय सोमवारी बंद असते, त्यामुळे सोमवार टाळला की झाले असाच आपला समज असतो. हैदराबादेत संग्रहालयांची सुट्टी शुक्रवारी असते. या लेखातली एकच ओळ कुणी लक्षात ठेवणार असेल, तर ती ही ठेवावी.

मोत्यांच्या दुकानात मात्र आम्हाला तासाहून अधिक वेळ बसवले. तिथे चहा मिळाला, पंखा मिळाला, आणि "हा भाव फक्त तुमच्या बससाठी" हे वाक्यही मिळाले. ते दुकान सहलीच्या यादीत कुठेही नव्हते. ज्या बसला दिवसभरात सात-आठ ठिकाणे दाखवायची असतात, तिला कोणतेही ठिकाण नीट दाखवायचे नसते, हे माझे मत आता पक्के झाले आहे. ज्यांना मंदिर, तलाव आणि चारमिनारपुढे फोटो एवढेच हवे असेल त्यांनी अशा बसने खुशाल जावे. संग्रहालय पाहायचे असेल तर तिच्यात पाय ठेवू नये.

म्हणून या वर्षी कापसाचा शेवटचा वेचा आटोपल्यावर आम्ही पुन्हा निघालो, तेव्हा सगळी आखणी घरी बसून केली आणि मध्ये शुक्रवार आलाच तर तो गोवळकोंड्यासाठी राखला, कारण किल्ला त्या दिवशी उघडा असतो. सोबत पत्नी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, होते. मामाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, वयाच्या मानाने काटक, आणि तिकिटाच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब ठेवणारे. आमच्या पांढरकवड्याहून (जि. यवतमाळ) हैदराबाद साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी असा सरळ महामार्ग आहे. पैनगंगेपलीकडे आपल्या एसटीच्या सवलती मागे राहतात. तेलंगणाच्या बसमध्ये बायकांना फुकट प्रवास आहे, असे ऐकून आपल्याकडच्या बाया खुशीत निघतात, पण ती सोय तेलंगणाचे ओळखपत्र असलेल्यांनाच आहे. मामाजींचे पंचाहत्तरीचे कार्डही तिथल्या कंडक्टरने उलटसुलट पाहून हसत परत केले. पूर्ण तिकीट धरूनच खर्च काढावा.

चंद्रपूर-बल्लारशाकडून रेल्वेने जाणाऱ्यांनी तिकिटावर स्टेशनाचे नाव नीट वाचावे. सिकंदराबाद, काचीगुडा आणि नामपल्ली ही तिन्ही शहरात आहेत आणि नामपल्लीचेच नाव तिकिटावर हैदराबाद असे येते. चर्लपल्ली मात्र शहराच्या पूर्वेच्या टोकाला आहे, तिथे उतरलात तर रिक्षाचे भाडे रेल्वेच्या तिकिटाला लाजवील. बसने जाणाऱ्यांना सिकंदराबादच्या जुबिली बसस्थानकावरून मेट्रो थेट महात्मा गांधी बसस्थानकापर्यंत नेते. तिथून सालारजंग संग्रहालय पायी जाण्याइतके जवळ आहे. बसस्थानकाबाहेरचे रिक्षावाले "बहुत दूर है साब" म्हणतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. मुक्काम कोटी, आबिड्स किंवा नामपल्ली या भागात करावा.

सालारजंगला अख्खा दिवस द्यावा. सकाळी दहाला दार उघडताना आत असावे, पिशव्या बाहेर जमा करून घेतात म्हणून हातात फक्त पाण्याची बाटली आणि चष्मा ठेवावा. मूसीच्या दक्षिण काठावरची ही इमारत 1968 सालापासून वापरात आहे. त्याआधी 1951 साली दिवाण देवडी या सालारजंगांच्या वाड्यात हा संग्रह खुला झाला होता. सालारजंग ही निजामाच्या दिवाण घराण्यातली पदवी; बहुतेक सगळे जमवले ते तिसऱ्या सालारजंगाने, मीर यूसुफ अली खानाने, आणि तो 1949 मध्ये वारला. लोक दोनच गोष्टींसाठी धावतात : संगीत घड्याळ आणि बुरख्यातल्या रिबेकाची संगमरवरी मूर्ती. घड्याळापुढे तास भरत आला की बाकांवर जागा उरत नाही. आतला छोटा लोहार क्षणाक्षणाला घण घालत असतो, आणि तास झाला की दाढीवाला बाहुला बाहेर येऊन घंटा वाजवून परत आत जातो. बाराचा ठोका पाहायला सगळी बस तिथे लोटते. तीनला जावे, टोले कमी पडतात पण दिसते तेच, आणि मान वर करून दुसऱ्यांच्या मोबाइलमधून पाहावे लागत नाही.

रिबेकापुढे मात्र थांबावे, आणि वऱ्हाडातल्या माणसाने तर जरा जास्तच थांबावे. संगमरवराचा बुरखा ओला असल्यासारखा चेहऱ्याला चिकटलेला दिसतो, हे कौतुक आहेच. पण पहिल्या सालारजंगाने ही मूर्ती 1876 साली इटलीत घेतली, आणि त्या वर्षी तो निजामाचा दिवाण म्हणून युरोपात गेला होता तो इंग्रजांकडे वऱ्हाड परत मागायला. वऱ्हाड 1853 च्या तहाने कंपनीच्या हाती गेले होते. ते काही परत मिळाले नाही. 1902 साली सहाव्या निजामाने वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर ते इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने देऊन टाकले, आणि पुढे 1936 मध्ये युवराजाला "प्रिन्स ऑफ बेरार", म्हणजे वऱ्हाडचा युवराज, ही पदवी मिळाली. आम्ही घेतलेल्या मार्गदर्शकाने मूर्तीचे वजन, किंमत आणि "ऐसा काम अब नहीं होता" एवढे सांगितले. मामाजींनी त्याला वऱ्हाडाचे विचारले तेव्हा तो म्हणाला, "वो अमरावती साइड का?" आणि पुढच्या दालनाकडे चालू लागला. सालारजंगमध्ये मार्गदर्शक घेण्याची गरज नाही, पाट्या वाचाव्यात. हस्तिदंत, जेड आणि शस्त्रांची दालने सकाळी पाहावीत, युरोपातली चिनी मातीची भांडी वेळ उरला तर.

चौमहल्ला आणि पुरानी हवेली या दोन्ही जागा छान आहेत, तिथे सगळे सुरळीत झाले, म्हणून त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. चौमहल्ल्यात झुंबरांचा दरबार आणि जुन्या मोटारी आहेत. पुरानी हवेलीत सहाव्या निजामाचे लांबच लांब कपाटघर आहे, ते माझ्या पत्नीला इतके आवडले की घरी आल्यापासून आमच्या एका गोदरेजच्या कपाटाकडे ती वेगळ्या नजरेने पाहते. सुटीच्या दिवशी सकाळी चारमिनारच्या भागात इतिहासाची आवड असलेली मंडळी पायी फेरी काढतात, त्यातली एक आम्ही केली. बोलणे बहुतेक इंग्रजीत होते आणि माहिती उत्तम होती.

आता गोवळकोंडा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप लिहितो आहे.

तिकीट खिडकीपासून पहिल्या दरवाजापर्यंत पोचेस्तोवर पाच-सात जण "गाइड, गाइड" करीत अंगावर येतात. ज्यांच्याकडे सरकारी परवाना असतो त्यांच्या गळ्यात फोटोचे ओळखपत्र असते; ते हातात घेऊन फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहावा, कारण आमच्या माणसाने ओळखपत्र छातीवर उलटे लटकवले होते आणि सुलटे करा म्हटल्यावर "जल्दी में घूम गया" म्हणाला. त्याने पंधराशे सांगितले, आठशेवर आला. "पूरा किला, ऊपर तक" असे ठरले. प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली त्याने टाळी वाजवली, ती वर बालाहिसारपर्यंत, म्हणजे किल्ल्याच्या माथ्यापर्यंत, ऐकू जाते हे सांगितले, आणि हे खरे आहे, चाचणी आम्ही नंतर स्वतः केली. तेवढ्यात त्याने दुसरे एक कुटुंब आमच्यात मिसळून घेतले, त्यांच्याकडूनही वेगळे पैसे ठरवले, आणि दोन घरांच्या मधोमध उभा राहून तो कुणाकडेच पाहून बोलेना. आम्ही महाराष्ट्रातले हे कळल्यावर एका पडक्या चौथऱ्याकडे हात करून तो म्हणाला, "यहीं शिवाजी महाराज और तानाशाह बैठे थे." मामाजी तिथेच थांबले. 1677 साली महाराज आले ते भागानगरात, म्हणजे हैदराबाद शहरात, आणि तानाशाहाची, म्हणजे शेवटच्या कुतुबशाही सुलतानाची, भेट झाली ती शहरातल्या दादमहालात. मामाजींनी हे त्याला शुद्ध हिंदीत, सनावळीसह सांगितले. तो म्हणाला, "सर, पब्लिक को यही अच्छा लगता है."

खरा घोटाळा पुढे आहे. शस्त्रागार, नगिना बाग, तानाशाहाचे कारभारी अक्कण्णा-मादण्णा यांची कचेरी एवढे खालच्या अंगाचे दाखवून झाले, आणि चढाच्या पायऱ्या सुरू होतात तिथे आमचा माणूस थांबला. वर "कुछ बोलने का नहीं है, सीधा रास्ता है," असे म्हणून त्याने हात पुढे केला. वर बोलण्यासारखे काही नाही? रामदासाचा (आपले समर्थ नव्हेत, तानाशाहाने कैदेत टाकलेला तेलुगू संतकवी) तुरुंग वर आहे, बारादरी, म्हणजे माथ्यावरचा दरबारी मंडप, वर आहे, जिथून औरंगजेबाच्या वेढ्याची जागा आणि सगळे शहर दिसते ती गच्ची वर आहे, आणि 1687 साली आठ महिने टिकलेला हा किल्ला फितुरीने कसा पडला हे सांगायची जागा तीच आहे. उतरताना राणीमहालाकडचा रस्ता वेगळा आहे, तोही तो दाखवणार नव्हता. भांडण झाले. मी चारशे दिले, मामाजी दोनशेच्या वर द्यायला तयार नव्हते, आणि त्याने आमच्यामागे टाकलेले दुसरे कुटुंब मात्र पूर्ण पैसे देऊन मोकळे झाले होते, कारण त्यांनी आधीच दिले होते.

तेव्हा गाइड घ्यायचाच असेल तर जागांची नावे घेऊन बोली करावी : रामदासाचा तुरुंग, बारादरी, आणि उतरताना राणीमहाल. "पूरा किला" हे शब्द ऐकले की समजावे की अर्धा किल्ला. दुसरे कुणी सोबत घेणार नाही हे वदवून घ्यावे. पैसे राणीमहालाशी द्यावेत, आधी एक रुपया देऊ नये, "पानी के लिए" सुद्धा नाही. आणि हिऱ्यांची खाण कुठे असे कुणी विचारले व गाइडने किल्ल्यातच बोट दाखवले, तर त्याला तिथल्या तिथे निरोप द्यावा. गोवळकोंडा हिऱ्यांची पेठ होती, खाणी कोल्लूरला, कृष्णेच्या काठी, पार आंध्रात.

साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. ज्याला त्यांची काळजी वाटते त्याने खाली चहा पीत बसावे, आमच्या मामाजींनी त्या एका दमात नव्हे पण एका हट्टात चढल्या. उन्हाची सवय आपल्याला आहे, पण इथला कातळ चार वाजताही तव्यासारखा तापलेला असतो, म्हणून एप्रिल-मे वगळावा आणि सकाळी फाटक उघडताच चढायला लागावे. वर पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नये. किल्ल्याला आणि चारमिनारला मेट्रो जात नाही. मोबाइलवरून गाडी बोलवावी, किल्ल्याच्या फाटकावर उभे असलेले रिक्षावाले परतीचे भाडे मनाला येईल ते सांगतात. शुक्रवारी गोवळकोंडा केला तर दुपारी मक्का मशिदीकडे वळू नये, नमाजाच्या वेळी पाहुण्यांना आत सोडत नाहीत.

परतीला नागपूरकडे जाणाऱ्या रात्रीच्या खासगी बसमध्ये बसलात, तर ती पांढरकवड्याच्या गावात येत नाही, रात्री अडीच-तीनच्या सुमारास बायपासवर उतरवते. तिकीट काढतानाच ड्रायव्हरचा नंबर घेऊन ठेवावा आणि आदिलाबाद मागे पडले की जागे राहावे, कारण क्लीनर झोपलेला असतो. गावातून कुणाला दुचाकी घेऊन यायला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. सामान जास्त असेल तर दोघांना.