माझा सल्ला असा की…

बुधवार, रात्री पावणेबारा

उद्याच्या तासाला ‘नरसू आप्पा माळी’ खटला घ्यायचा आहे. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंमधल्या द्विभार्या विवाहांना बंदी घातली, त्या कायद्याला दिलेलं आव्हान. १९५१ चा निकाल, न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर. इतकी वर्षं शिकवतेय की नोट्सच्या कडा पिवळ्या पडल्यात. श्रद्धा वेगळी आणि आचरण वेगळं हे सांगताना छागलांनी अमेरिकेतल्या ‘डेव्हिस विरुद्ध बीसन’चा दाखला दिलाय, तो मी दर वर्षी नुसता वाचून पुढे जाते. आज हा डेव्हिस कोण ते बघायला गेले आणि जेवण राहिलं ते राहिलंच.

डेव्हिस आयडाहोतला मॉर्मन, म्हणजे तेव्हा बहुपत्नीत्व मानणाऱ्या अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचा. बहुपत्नीत्व शिकवणाऱ्या संस्थेचा मी सदस्य नाही, अशी शपथ घेतल्याशिवाय तिथे मतदार होता येत नसे. ती खोटी घेतल्याबद्दल त्याला शिक्षा झाली आणि १८९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याच्याही मागे दुसरं लग्न केलेल्या रेनॉल्ड्स नावाच्या मॉर्मनाचा १८७९ चा निकाल. तिथे सरन्यायाधीश वेट यांनी उदाहरण दिलंय ते चक्क सतीचं: नवऱ्याच्या चितेवर जळणं हे आपलं धर्मकर्तव्य आहे असं एखादी बाई मनापासून मानत असेल, तर सरकारने तिला अडवायचं नाही का? म्हणजे आपल्या सतीवरून तिकडे मॉर्मनांना गप्प केलं आणि सत्तरेक वर्षांनी मॉर्मनांवरून मुंबईत आपल्याला. एकटीच हसले.

पण रात्र खाल्ली ती विल्फर्ड वुडरफने. मॉर्मन चर्चचा चौथा अध्यक्ष, आणि रोजनिशी लिहिणारा. साठाहून जास्त वर्षं लिहिली या माणसाने. १८४७ च्या जुलैत पश्चिमेकडे जाताना फोर्ट ब्रिजरपाशी कृत्रिम माशीचा गळ टाकून आपण बारा ट्राउट मासे पकडले, हेही त्यात आहे. बाकीचे आमिष लावून बसले होते म्हणे.

१८९० साली तो ८३ वर्षांचा होता. १८८७ च्या बहुपत्नीत्वविरोधी कायद्याने चर्चची नोंदणीच रद्द झाली होती आणि पन्नास हजार डॉलरच्या वरची मालमत्ता जप्तीला लागली होती. (त्याच कायद्याने मॉर्मनांच्या युटा प्रांतातल्या बायकांना १८७० पासून असलेला मताधिकारही काढून घेतला. का, तर त्या नवऱ्यांच्या बाजूने मत देतात!) आधीचा अध्यक्ष जॉन टेलर लपून राहत असतानाच वारला होता. मे १८९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही जप्तीवर शिक्कामोर्तब केलं. आता सरकारचा डोळा चर्चच्या मंदिरांवर होता.

२५ सप्टेंबरच्या पानावर वुडरफ लिहितो, की चर्चच्या ऐहिक तारणासाठी पाऊल उचलणं आपल्याला भाग पडलं आहे. ‘ऐहिक’ हा शब्द त्याने मुद्दाम घातला असावा असं मला वाटतं.

त्याच सुमारास त्याने काढलेलं, बहुपत्नीत्व थांबवणारं ते प्रसिद्ध निवेदन, मॅनिफेस्टो, मी आज पहिल्यांदाच नीट वाचलं. सुरुवात ‘संबंधितांस’ अशी. ईश्वराने सांगितलं, दृष्टांत झाला, असं काही नाही. अशी लग्नं आम्ही लावत नाही, ज्या इमारतीत एक लागल्याचा आरोप आहे ती मी पाडून टाकलीय, वगैरे खुलासे. आणि शेवटी: देशाच्या कायद्याने मनाई केलेला विवाह करू नये, असा माझा सल्ला आहे.

सल्ला! वकिलाच्या डोळ्याला हा शब्द खड्यासारखा लागतो. आदेश नाही, नियम नाही, मोडला तर काय होईल ते नाही. आधीच्या बायकांचं काय, तेही नाही. ६ ऑक्टोबरच्या अधिवेशनात हात वर करून ते मंजूर झालं, चर्चच्या पुढाऱ्यांपैकी बी. एच. रॉबर्ट्सचा हात मात्र वर गेला नाही. पुढच्या वर्षी युटातल्या लोगन गावच्या सभेत वुडरफने सांगितलं, की थांबलो नसतो तर काय झालं असतं ते प्रभूने मला दाखवलं. पण छापलेल्या कागदावर ‘सल्ला’च राहिला, आणि लोकांनी तो सल्ल्यासारखाच घेतला. गुपचूप लग्नं लागत राहिली. मेक्सिकोतल्या वसाहतींत लागली, खुद्द प्रेषितांनी, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च पुढाऱ्यांनीही केली. १९०४ मध्ये रीड स्मूट या प्रेषिताच्या खासदारकीवरून सिनेटने चौकशी मांडली, तेव्हा चर्चचा तेव्हाचा अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथला दुसरं निवेदन काढावं लागलं. यात चर्चबाहेर काढण्याची तंबी होती. लपून वारलेल्या टेलरचा मुलगा जॉन डब्ल्यू. याला प्रेषितपद सोडावं लागलं, १९११ मध्ये चर्चमधूनही काढलं.

आणि झोप उडवणारी गोष्ट त्याच चौकशीत सापडली. वुडरफचा मजकूर छापण्याजोगा करायला हात लावणाऱ्यांपैकी एकाने तिथे साक्ष दिली. जॉर्ज रेनॉल्ड्स. तोच, १८७९ चा! दुसऱ्या लग्नापायी तुरुंगात गेलेला, तिथे बसून मॉर्मन ग्रंथाची शब्दसूची करायला घेतलेला माणूस. शब्दांत त्याचा हात बसलेला होता. भाषा थोडीशी बदलली, एवढंच सांगतो तो. ‘सल्ला’ म्हाताऱ्याचा की रेनॉल्ड्सचा?

साडेबारा वाजलेत. भात गार झालाय. उद्याच्या पन्नास मिनिटांत यातलं काहीच बसणार नाही, पण सतीचं तेवढं सांगेन.